मदत हवी आहे: हार ओवणाऱ्या बायकांच्या बोटांना खाज, फुलांवरच्या फवारणीमुळे का?

प्रश्न:
सोलापुरात हारांचं घरगुती काम आहे. चार बायका पहाटे 5 ते 10 झेंडू, शेवंती, गुलाब, गुलछडी हाताळतात. दोघींच्या पेरांची सालं निघतायत, एकीला मनगटापर्यंत पुरळ. शेवंतीवर पांढरट ठिपके दिसतात, क्रेट उघडला की उग्र वास येतो. हे औषधामुळेच असेल का? फुलं धुऊन चालेल का? आणि हेच हार देवळात जातात, पाकळ्या तीर्थात पडतात. गिऱ्हाइकाला काय सांगायचं?

प्रतिसाद 1:
ताई, एकदम औषधावर ढकलू नका. शेवंती, झेंडू आणि गाजरगवत एकाच कुळातले. शेवंतीच्या पानाफुलांतल्या नैसर्गिक द्रव्यांनीही असंच पुरळ येतं, आणि गाजरगवताची ॲलर्जी असलेल्यांना जास्त. शेवंतीला आठवडाभर हात न लावता फरक पडतो का ते बघा. पडला तरी निकाल लागला असं नाही, कारण शेवंतीबरोबर तिच्यावरचं औषधही बाजूला होतं. त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट (संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून ॲलर्जी तपासणं) करून घ्या आणि फुलांची नावं सांगा, नाहीतर नुसतं मलम मिळेल.
ठिपके बोटाने पुसून बघा. वाळलेल्या थेंबासारखे, कडेला गडद असतील तर फवारणीचा डाग. पानावर पिठासारखा पसरलेला थर असेल तर भुरी, म्हणजे बुरशीचा रोग.

प्रतिसाद 2:
धुण्यावर विसंबू नका. पाण्याने वरची धूळ आणि थोडं स्पर्शजन्य औषध जातं. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधं पेशीत उतरलेली असतात, ती निघत नाहीत. वर ओल्या शेवंतीचे देठ संध्याकाळपर्यंत काळे पडतात, म्हणजे मालही गेला.
औषधाच्या अवशेषांची कमाल मर्यादा ठरते ती खाण्याच्या मालासाठी, शोभेच्या फुलांना ती लागू नाही. बेल्जियममध्ये 2016 साली गुलाब, जरबेरा, शेवंतीचे 90 गुच्छ तपासले, त्यांत 107 वेगवेगळी औषधं सापडली. ती पुष्पविक्रेत्यांच्या हातात जातात, हाच त्या अभ्यासाचा मुद्दा होता.
म्हणून प्रश्न शेतकऱ्यालाच विचारा: शेवटची फवारणी कधी, कशाची? दसरा-दिवाळीला आणि सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला भाव चढतो, तेव्हा फवारून दुसऱ्या दिवशी तोडणी होते. सगळ्यात घातक तेच. डब्याच्या लेबलवर लाल त्रिकोण असलेलं, म्हणजे अतिविषारी, औषध वापरलं असेल तर माल नाकारा. डायक्लोरव्हॉस आणि ट्रायझोफॉसवर तर 2020 च्या अखेरीपासून बंदीच आहे. जुना साठा कोणी वापरत असेल तर तिथून घेऊच नका. तसं स्पष्ट सांगितलं की शेतकरी चिडतो, पण दोन-तीन जण नीट सांगणारे मिळतात.

प्रश्नकर्ती:
हातमोजे दिले होते. सुई टोचते, घाम येतो, बायका काढून टाकतात.

प्रतिसाद 1:
उन्हाळ्यात सोलापुरात ते होणारच. सगळ्या कामाला एकसारखे मोजे नकोत. क्रेट उपसणं, निवडणं, गुलाबाचे काटे काढणं यात धूळ सर्वांत जास्त उडते, तिथे नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) मोजे सक्तीचे. कापडी मोजे औषध शोषून हाताला लावत राहतात, ते मुळीच नकोत. ओवताना पातळ, हाताला घट्ट बसणारे वापरा, भोक पडलं की लगेच बदला. घामाने भिजलेला मोजा तसाच ठेवला तर खाज वाढते.
दुसरं, दोरा दाताने तोडणं बंद. कात्री किंवा ब्लेड ठेवा. मिश्री, पान, चहा हात साबणाने धुतल्यावरच. मुलांना क्रेटजवळ झोपवू नका. कामाची साडी वेगळी ठेवा, घरच्या कपड्यांत धुऊ नका.
लाळ सुटणं, घाम, धूसर दिसणं, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणं, स्नायू उडणं असं काही एकत्र दिसलं तर खाज समजून थांबू नका, ती विषबाधा असू शकते, 108 ला फोन करा.

प्रतिसाद 2:
देवळाचं बोलायचं तर गिऱ्हाइकाला खोटं सांगू नका आणि घाबरवूही नका. 'हार देवाला, तीर्थात नको' एवढं म्हटलं तर बरेच पुजारी समजतात. खरी अडचण तुळशीची. फुलांच्या बाजारात तीही त्याच पाटीत येते आणि लोक ती खातात. तिच्यासाठी न फवारणारा शेतकरी वेगळा धरा, पाटीही वेगळी ठेवा. उरलेल्या गुलाबांच्या पाकळ्या गुलकंदाला मागायला कोणी आलं तर साफ नाही म्हणा, आणि शिळे हार गायीपुढे टाकू नका.
शेतकऱ्याला पर्याय सुचवायचा तर फुलकिड्यांना निळे चिकट सापळे, 5 टक्के निंबोळी अर्क. भुरीला पाण्यात मिसळणारं गंधक, 2 ग्रॅम प्रति लिटर, पण ऊन 35 अंशांच्या वर असेल तर पानं करपतात, म्हणून संध्याकाळीच मारायचं.