मेजर मॅकनेअर आणि सिंगापूरचे हिंदुस्थानी कैदी : दप्तरांविषयी मदत हवी आहे

मद्रास तोफखान्यातले अधिकारी जॉन फ्रेडरिक अ‍ॅडॉल्फस मॅकनेअर पुढे सिंगापुरात कैद्यांचे अधीक्षक झाले आणि आज इस्ताना म्हणून ओळखला जाणारा गव्हर्नरांचा वाडा त्यांनी १८६७ ते १८६९ या काळात हिंदुस्थानी कैद्यांच्या श्रमांतून उभारला. जुन्या कैद्यांनाच पहारेकरी नेमण्याच्या तेथील पद्धतीवर त्यांनी १८९९ मध्ये सहलेखकासह पुस्तकही लिहिले. मला मात्र विटा पाडणाऱ्या आणि दगड घडवणाऱ्या त्या माणसांचा शोध घ्यायचा आहे, कारण त्यांपैकी काही मुंबई इलाख्यातून काळ्या पाण्यावर धाडलेले होते. मुंबईच्या पुराभिलेखागारात न्याय खात्याची दप्तरे पाहिलेल्या अभ्यासकांनी, जहाजांवर चढवलेल्या कैद्यांच्या नावांच्या व गावांच्या याद्या कोठे शोधाव्यात, हे कृपया सांगावे. अशा याद्या मोडीत असल्यास वाचनासाठीही साहाय्य हवे आहे.