हरणासाठी .२४३ रायफलीत किती ग्रेनची गोळी घ्यावी?

हिलकंट्रीवासी:
नमस्कार. मी गेली अकरा वर्षे टेक्सासात ऑस्टिनजवळ राहतो. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी हंगाम सुरू झाला की एका सहकाऱ्याने लॅनो काउंटीत भाडेपट्ट्याने घेतलेल्या रानात मी प्रथमच पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीला जाणार आहे. सक्तीचे शिकारी-प्रशिक्षण पूर्ण केले असून परवानाही घेतला आहे. माझ्याकडे .२४३ विंचेस्टरची (कॅलिबर, म्हणजे गोळीचा व्यास, ०.२४३ इंच) बोल्ट अॅक्शन, म्हणजे दर वेळी हाताने दांडा ओढून भरायची, रायफल आहे, आणि सोळा वर्षांच्या मुलासाठी एका मित्राने जुनी .२२३ रेमिंग्टन देऊ केली आहे. मचाणापासून हरणांची येण्याची जागा सुमारे ९० यार्डांवर आहे.

दुकानात .२४३ ची काडतुसे ५८, ७५, ८०, ९५ आणि १०० ग्रेन (गोळीच्या वजनाचे लहान एकक) अशा पाच वजनांत मिळाली. हलकी गोळी वेगवान असते, त्यामुळे हरीण जागीच पडते, असे विक्रेत्याचे म्हणणे. तर १०० ग्रेनच्या खाली जाऊ नकोस, असा सहकाऱ्याचा आग्रह. जखमी हरीण झुडपात नाहीसे होऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे. कोणते वजन घ्यावे?

जुनी नळी:
९५ किंवा १०० ग्रेन घ्यावे, आणि ५८ व ७५ ची खोकी दुकानातच राहू द्यावीत. कारण मात्र थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपल्या सहकाऱ्याचा सल्ला योग्य असला तरी केवळ वजनाचा आकडा पाठ करून पुढच्या खरेदीत फसगत होऊ शकते.

.२४३ विंचेस्टर १९५५ मध्ये बाजारात आले ते .३०८ या काडतुसाचे कवच तोंडाशी अरुंद करून, आणि आरंभापासूनच ते दोन कामांसाठी विकले गेले: उन्हाळ्यात शेतीची नासाडी करणारे लहान प्राणी आणि हिवाळ्यात हरीण. एकाच फळीवर ५८ पासून १०० पर्यंतची गोळी दिसते ती यामुळे. बहुतेक हलक्या गोळ्यांचे वरचे तांब्याचे आवरण मुद्दाम पातळ ठेवलेले असते, जेणेकरून त्या लहान प्राण्यावर आदळताक्षणी फुटाव्यात. ५८ ग्रेनची अशी गोळी सेकंदाला ३,७०० फुटांहून अधिक वेगाने निघते. ती हरणाच्या खांद्याच्या हाडावर लागली तर बाहेरच फुटून मोठी पण उथळ जखम करते, आणि फुप्फुसे शाबूत राहिलेले जनावर मैलभर जाऊन मरते. १०० ग्रेनची नेहमीची गोळी सुमारे २,९६० फूट वेगाने व सुमारे १,९४५ फूट-पौंड ऊर्जेने निघते, उमलत उमलत आत शिरते आणि बहुधा आरपार जाते.

यामागचा हिशेब सोपा आहे. व्यास तोच ठेवून वजन वाढवले की गोळी लांब होते आणि तिच्या तोंडाच्या क्षेत्रफळामागे अधिक वजन येते. याला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. .२४३ मध्ये १०० ग्रेनला ती ०.२४२ येते, ५८ ग्रेनला केवळ ०.१४०. मोठ्या कॅलिबरमध्ये हलकी गोळी घेतली तरी पुरेसे वजन हाताशी उरते. लहान कॅलिबरमध्ये तशी शिल्लक नसते, म्हणून येथे वरच्या टोकाची गोळी घेण्याची पद्धत पडली आहे.

(आपल्याकडच्या जुन्या शिकारगप्पांतली बारा बोअरची बंदूक आणि एल. जी.ची (मोठ्या छऱ्यांची) काडतुसे ऐकत वाढलेल्या माणसाला ग्रेनचा हा कीस विचित्र वाटतो, हे मी स्वतःवरून सांगतो. ७,००० ग्रेनचा एक पौंड होतो. म्हणजे आपली १०० ग्रेनची गोळी साडेसहा ग्रॅमचीही नाही.)

रॉकीजच्या पायथ्याशी:
वरील उत्तराशी सहमत आहे. एक पुरवणी जोडतो. टेक्सासात हरणासाठी रिमफायर (बुडाच्या कडेवर आघात होऊन उडणारे) काडतूस चालत नाही, परंतु सेंटरफायरला (बुडाच्या मध्यावर आघात होणाऱ्याला) कॅलिबरची किमान मर्यादा नाही, त्यामुळे मुलाची .२२३ तेथे कायदेशीर आहे. आमच्या कोलोरॅडोत ती चालणार नाही: येथे किमान .२४ कॅलिबर, हरणासाठी किमान ७० ग्रेनची उमलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा लागते. व्हर्जिनियात मर्यादा .२३ ची आहे. गंमत अशी की वर सांगितलेली ७५ ग्रेनची पातळ आवरणाची गोळी कोलोरॅडोच्या वजनाच्या अटीत बसते, पण हरणावर मी ती वापरणार नाही. तेव्हा नियमपुस्तिका वाचल्यावर खोक्यावरची ओळही वाचावी. गोळी हरणाच्या आकाराच्या प्राण्यासाठी आहे की नाही, हे बहुतेक उत्पादक तेथे लिहितात.

ग्लेनमधला मराठी:
स्कॉटलंडमधून लिहितो. येथे गोळीचे वजन थेट कायद्यात लिहिलेले आहे. लहानखुऱ्या रो हरणासाठी किमान ५० ग्रेन, म्हणून .२२३ चालते, तांबड्या हरणासारख्या मोठ्या जातींसाठी मात्र अनेक वर्षे १०० ग्रेनची अट होती, ती २०२३ मध्ये ८० ग्रेनवर आणण्यात आली. त्याचे कारण आपल्या प्रश्नाशी जुळते. शिसे टाळण्यासाठी लोक तांब्याच्या गोळ्यांकडे वळू लागले आणि तांबे शिशापेक्षा हलके असल्याने १०० ग्रेनची तांब्याची गोळी .२४३ च्या नळीसाठी फार लांब होऊ लागली.

म्हणून जुन्या नळी यांच्या सल्ल्यात एक अपवाद घालावा, असे मला वाटते. आपल्या दुकानातील ८० ग्रेनची गोळी पूर्ण तांब्याची असेल, तर ती हरणाचीच गोळी आहे. ती उमलते, पण तिचे तुकडे होत नाहीत; त्यामुळे वजन जवळजवळ पूर्ण टिकवून ती खोल जाते, आणि मांसात शिशाचे कण मिसळत नाहीत. घरी लहान मुले ते मांस खाणार असतील तर मी तीच निवडेन.

जुनी नळी:
अपवाद मान्य. ८० ची गोळी कोणत्या धातूची, हे न विचारता मी पुढे गेलो, ही माझी चूक.

हिलकंट्रीवासी:
मनःपूर्वक आभार. खोके पुन्हा पाहिले. ८० ग्रेनची गोळी खरोखरच पूर्ण तांब्याची आहे. मुलाच्या .२२३ साठीही ६२ ग्रेनची तांब्याची गोळी घेऊ का?

जुनी नळी:
आधी नळीतील पीळ (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचांचे वळण) मोजा. साफसफाईच्या गजावर घट्ट चिंधी बसवून गजावर खूण करा आणि तो हळूहळू आत ढकला. खूण एक पूर्ण फेरा घेईपर्यंत गज जितके इंच आत गेला, तितक्या इंचांत एक फेरा. जुन्या .२२३ मध्ये तो पुष्कळदा बारा इंचांत एक असतो आणि त्यात सुमारे ५५ ग्रेनपर्यंतच्या शिशाच्याच गोळ्या नीट स्थिरावतात. नवीन रायफलींत नऊ, आठ किंवा सात इंचांत एक असा पीळ येतो. गोळी जितकी लांब, तितका जलद पीळ तिला लागतो.

या बाबतीत एका कारखान्याला मोठी किंमत मोजावी लागली होती. .२४३ आले त्याच वर्षी रेमिंग्टनने .२४४ आणले, पण त्याच्या नळीत पीळ बारा इंचांत एक ठेवला. टोकदार १०० ग्रेनची गोळी त्यात भरवशाने स्थिरावेना, हरणाचे गिऱ्हाईक .२४३ कडे गेले, आणि १९६३ मध्ये तेच काडतूस नऊ इंचांच्या पिळासह ६ मिलिमीटर रेमिंग्टन या नावाने पुन्हा विकावे लागले.

पीळ जलद निघाला तरी .२२३ ने अंतर १०० यार्डांच्या आत ठेवावे, हरीण पूर्ण आडवे उभे असेल तेव्हाच चाप ओढावा आणि नेम पुढच्या पायामागे, फुप्फुसांवर धरावा. तिरप्या उभ्या नराच्या खांद्यावर ही गोळी चालवू नये. बरगडीतून लागलेले हरीणही साठ-सत्तर यार्ड धावू शकते आणि या कॅलिबरमध्ये बाहेर पडण्याचे छिद्र लहान, क्वचित नसतेच. रक्ताचा माग तुटक मिळतो. ते जेथे उभे होते ती जागा मुलाला नीट हेरून ठेवायला सांगा.

हिलकंट्रीवासी:
काल दोन्ही रायफली रेंजवर नेल्या. .२४३ मधून ८० ग्रेनच्या तीन गोळ्या १०० यार्डांवर सव्वा इंचात बसल्या, ९५ ग्रेनच्या दोन इंचांत; म्हणून ८० ठरवली. .२२३ चा पीळ बारा इंचांत एक निघाला. तरी मित्राकडच्या खोक्यातील ६२ ग्रेनच्या तांब्याच्या तीन गोळ्या खात्रीसाठी ५० यार्डांवर झाडून पाहिल्या, तर कागदावर दोन भोके लांबट उमटली, म्हणजे गोळी आडवी होत होती. ती रायफल मित्राला परत केली आहे. मुलगा माझ्याच .२४३ वर सराव करील आणि पहिल्या सकाळी मचाणावर एकच रायफल असेल.

ग्लेनमधला मराठी:
पहिली संधी कोणाची, हे मात्र मचाणावर चढण्यापूर्वी ठरवून घ्या.