ओट्समध्ये संत्रं टाकलं की दूध फाटते, काय करू?

वरुडजवळच्या खेड्यात राहाते. मामंजी थंडीत पहाटेच ओलिताला, म्हणजे शेताला पाणी द्यायला जातात, म्हणून जाण्याआधी गरम काही द्यावं वाटते. अर्धी वाटी ओट्स, एक वाटी दूध, कलमीचा (दालचिनीचा) तुकडा, गूळ, सगळं एकाच गंजात (पातेल्यात) शिजवलं. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्यात तोडणीला येणारी संत्री घरचीच, चार फोडी उकळत्यात टाकल्या. दोन मिनिटांत दुधाचे कण झाले अन् पाणी वेगळं! मामंजींनी मुकाट्यानं खाल्लं, पण माझाच जीव हळहळला.

काटोलची ताई: संत्र्याचं आंबट अन् उकळतं दूध एकत्र आलं की फाटणारच. गुळानंही कधीकधी फाटते. आधी ओट्स एक वाटी पाण्यात कलमी अन् सुंठेची चिमूट टाकून मंद आचेवर शिजवा. गॅस बंद करा, गूळ विरघळवा, मग फोडी. फोडींची पांढरी साल अन् बिया काढाच, नाहीतर कडू लागते. दूध टाकूच नका. दाटपणाला भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट, एक चमचा. आमच्या घरी असंच आवडते.

अचलपूरहून: दूध पाहिजेच असेल तर संत्र्याऐवजी केळं घ्या. पिकलेलं, सालीवर ठिपके आलेलं.

प्रश्न विचारणारी: ताई, आज पाण्यातच केलं. फोडी अख्ख्या राहिल्या, दातांखाली गरम रस फुटते. मामंजींनी वाटी पुढं केली, "अजून आहे का वं?"