पोकर स्पर्धेत दहा ब्लाइंड उरलेत आणि हातात पॉकेट फोर (चाराची जोडी): फोल्ड (पत्ते टाकणं) कशासाठी?

बटनवाला
काल एकाने ठासून लिहिलं, "स्टॅक पंधरा ब्लाइंडच्या खाली गेला की दुर्रीपासून छक्कीपर्यंतच्या पेअर्स डोळे झाकून फोल्ड करा, त्या फक्त सेट लावायला असतात." त्याखाली माना डोलावणारे बघून राहवलं नाही, म्हणून हा वेगळा धागा. (नवख्यांसाठी: स्टॅक म्हणजे उरलेल्या चिप्स; ब्लाइंड म्हणजे दर हाताला दोघांनी सक्तीने लावायची, ठरावीक वेळाने वाढणारी पैज; स्टॅक मोठ्या, म्हणजे बिग ब्लाइंडच्या पटीत मोजतात. पेअर म्हणजे जोडी.)

सेट लावणं, म्हणजे हातातल्या जोडीला बोर्डवर तिसरा सारखा पत्ता मिळणं, हा मोठ्या स्टॅकचा उद्योग. फ्लॉपवर, म्हणजे बोर्डवरच्या पहिल्या तीन सामाईक पत्त्यांत, सेट लागतो जेमतेम १२ टक्के वेळा. मागे शंभर ब्लाइंड असतील तर दोनचा कॉल (समोरच्याइतकीच पैज लावणं) परवडतो. बारातून दोन टाकलेत, तर सेट लागल्यावर समोरच्याने दर वेळी सगळ्या चिप्स दिल्या तरी कशीबशी बरोबरी होते, आणि तो दर वेळी देत नाही. म्हणून कॉल करू नका, इथपर्यंत मान्य.

पण ऑल-इनचं, म्हणजे सगळ्या चिप्स लावण्याचं, काय? सगळे फोल्ड करत बटनवर (मागे फक्त ब्लाइंडवाले दोघे) तुमच्यापर्यंत आलं. दहा ब्लाइंड आहेत, अँटी (ब्लाइंडखेरीज सक्तीने टाकायच्या चिप्स) धरून मध्ये अडीच पडलेत. दहातून सहा वेळा दोघांनी सोडलं तर ते अडीच तुमचे. बाकी चार वेळा बिग ब्लाइंडने कॉल केला आणि तुमची जिंकायची शक्यता फक्त ३६ टक्के धरली, तरी प्रत्येक कॉलमागे सव्वादोनच्या आसपास जातात. बेरीज-वजाबाकी करून सरासरी अर्ध्या ब्लाइंडहून जास्त फायदा. हे फोल्ड करायचं?

सबुरी
सोयीची जागा निवडून गणित मांडलंत. बटनवर मागे दोघेच असतात. नऊ जणांच्या टेबलावर पहिल्या जागेवरून दुर्रीची जोडी ढकलून (ऑल-इन करून) बघा. मागच्या आठांपैकी कुणाकडे तरी मोठी पेअर असण्याची शक्यता ३८ टक्क्यांच्या घरात जाते, आणि मोठ्या पेअरसमोर तुम्ही पाचातून एकदाच वाचता. नवख्याला जागा, अँटी, मागचे स्टॅक सांगत बसण्यापेक्षा "फोल्ड कर" सांगितलेलं बरं.

माझं ऐका. पॉकेट थ्री ऑल-इन, समोर एक्का-राणी. टर्नपर्यंत (चौथ्या पत्त्यापर्यंत) बोर्डवर नव्वी, नव्वी, राजा, सत्ती. मी पुढे. रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) दुसरा राजा. बोर्डवरच दोन पेअर झाल्या, माझी तिर्री कुठेच मोजली गेली नाही आणि तो एक्क्याच्या किकरवर (जोड्यांबाहेरच्या पाचव्या पत्त्यावर) जिंकला. मोठ्या पेअरवाल्याच्या नशिबी हे फार क्वचित येतं.

बटनवाला
वाईट झालं, पण तो पुरावा नव्हे. पॉकेट थ्री एक्का-राणीसमोर साधारण ५२ टक्के जिंकते, आणि बोर्डवर दोन पेअर पडून तिची माती होण्याचे सगळे प्रसंग त्या आकड्यात आधीच धरलेले आहेत. ते पुन्हा वजा कशाला करता?

नवख्यांचंच यात जास्त नुकसान होतं. कुठलीही पेअर यायला सरासरी सतरा हात लागतात. दर फेरीला अडीच ब्लाइंड जातात. दोन फेऱ्या वाट बघितली की हातात पाच उरतात, आणि पाचच्या ऑल-इनला बिग ब्लाइंड जवळपास कशावरही कॉल करतो. समोरच्याला फोल्ड करायला लावायची ताकद असते तोवरच छोट्या पेअरला किंमत.

रिव्हरकाठ
दोघेही बबल विसरताय. बक्षिसात यायला एकच जण उडायचा बाकी असेल, टेबलावर तुमच्याहून लहान स्टॅक असतील आणि मागे मोठा स्टॅक बसला असेल, तर चिप्समधला अर्ध्या ब्लाइंडचा फायदा पैशात तोटा ठरू शकतो. बाहेर पडलात तर जे गमावता ते दुप्पट झाल्याने मिळणाऱ्यापेक्षा मोठं असतं.

आणि विषय निघालाच आहे तर बोलतोच. बबलवर सत्ती-दुर्रीसारखा टाकाऊ हात फोल्ड करायलाही पूर्ण वेळ घेणाऱ्यांचा मला मनस्वी संताप येतो. ब्लाइंड वाढायला तीन मिनिटं असताना टेबलावर जेमतेम एक हात होतो.

सबुरी
वेळ नियमाने दिलेला आहे. पाच ब्लाइंडवर बसलेल्याने तो का वापरू नये? जितके हात कमी, तितके त्याचे ब्लाइंड कमी जातात.

रिव्हरकाठ
आणि त्याच टेबलावरच्या बाकी आठांचं काय? दुसऱ्या टेबलावर त्याच वेळात चार हात होतात. हँड-फॉर-हँड सुरू झाल्यावर हा प्रकार थांबतो, कारण सगळी टेबलं एकमेकांसाठी थांबतात. ते आधीच का सुरू करत नाहीत? तुमच्यासारखे लोक याला डावपेच म्हणतात म्हणूनच हे फोफावतं.

सबुरी
"तुमच्यासारखे" म्हणजे कसे? मी नियमाबाहेर काही केलेलं नाही. जपून बोला. बदल हवा असेल तर प्रत्येक निर्णयाला घड्याळ लावायला सांगा आयोजकांना, खेळाडूवर का घसरता?

रिव्हरकाठ
घड्याळ लावा, माझी ना नाही. पण रिकाम्या हातावर वेळ खाणं मला अप्रामाणिकच वाटतं आणि ते मी म्हणणार.

बटनवाला
तो वाद वेगळ्या धाग्यात न्या, इथे पेअर्स मागे पडल्या. बबलचा मुद्दा मान्य करावा लागतो, तिथे मीही पॉकेट फोर सोडेन. पहिल्या जागेवरून दुर्री-तिर्री पंधरा ब्लाइंडवर फोल्ड, हेही चालेल. पण "डोळे झाकून" हे शब्द मागे घ्या.

सबुरी
बटनवरून, तुमच्या आधी कुणी पॉटमध्ये नसेल आणि बबल दूर असेल तर ढकला. एवढंच मान्य. कुणी आधी रेझ केलं (पैज वाढवली) असेल तर माझं उत्तर अजूनही फोल्डच.

बटनवाला
रेझ कुणी केलं, कुठून केलं आणि तो किती हात खेळतो, हे न बघता? तिथे आपलं जमायचं नाही.