उडत्या विमानात मेन बॅटरी गेली, जनरेटर मात्र शाबूत; मग घाई कशाची?

शिकाऊ एएमई (विमान देखभाल अभियंता):
बोइंग ७८७ मध्ये प्रत्येक इंजिनावर २५० केव्हीएचे दोन जनरेटर, एपीयूवर (शेपटीतल्या छोट्या सहायक इंजिनावर) २२५ केव्हीएचे दोन, शिवाय रॅट (आणीबाणीत बाहेर येऊन वाऱ्यावर फिरणारी टर्बाइन). मग १६ जानेवारी २०१३ ला यामागुची-उबेहून हानेदाला निघालेलं विमान नुसती मेन बॅटरी गेल्यावर ताकामात्सुला का उतरवलं? उड्डाणात बॅटरीला काम तरी किती असतं? आणि एअरबस ए३२० वर बॅटरी फॉल्ट (बिघाडाचा इशारा) आला तर तेवढाच धोका समजायचा का?

कंपास:
वीज कमी पडेल ही भीती नव्हतीच, भीती आगीची होती. त्या बॅटरीच्या डब्यात लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडचे आठ सेल होते. एकात आतल्या आत शॉर्ट झाला की तो तापतो, शेजारच्याला तापवतो, आणि ज्वलनशील इलेक्ट्रोलाइट वाफ होऊन बाहेर फेकला जातो. ताकामात्सुच्या तपासात सुरुवात सहाव्या सेलपासून झाल्याचं दिसलं, पण शॉर्ट नेमका कशाने झाला ते ठामपणे सिद्ध झालं नाही. कॉकपिटमध्ये बॅटरीचा इशारा आणि जळका वास दोन्ही होते. खाली इलेक्ट्रॉनिक बेमध्ये (बॅटरी आणि उपकरणांच्या कप्प्यात) काय चाललंय ते वैमानिकाला वरून दिसत नाही. १३७ माणसं पाठीशी असताना लगेच उतरणं हाच बरोबर निर्णय होता.

नऊच दिवस आधी बोस्टनला उभ्या असलेल्या ७८७ ची एपीयू बॅटरी पेटली होती, आणि तीही याच बनावटीची. प्रमाणपत्राच्या वेळी धरलेला हिशेब होता एक कोटी उड्डाण-तासांत धुराच्या एकाहून कमी घटना. प्रत्यक्षात सुमारे ५२ हजार तासांत दोन झाल्या. विकासाच्या काळात सेलमध्ये खिळा ठोकून शॉर्ट करून पाहिला होता. धूर झाला, पण शेजारचे सेल गेले नाहीत, आणि तेवढ्यावरून आग पसरत नाही असं मानलं गेलं. माझ्या मते खरी चूक तिथेच आहे. एका चाचणीत जे घडलं नाही, ते कधीच घडणार नाही असं धरता येत नाही.

नंतर सेलांमध्ये इन्सुलेशन वाढवलं, चार्जिंगची कमाल व्होल्टेज मर्यादा उतरवली आणि सगळी बॅटरी स्टेनलेस स्टीलच्या पेटीत बंद करून तिची नळी थेट विमानाबाहेर काढली. तोवर जगभरची ५० विमानं जमिनीवर होती, एअर इंडियाची सहाही त्यात. जानेवारी २०१४ मध्ये नारिताला पुन्हा एक सेल फुटला, पण या वेळी बाकीचे सात वाचले.

सेलजोडणी:
ए३२० चं गणित वेगळं आहे. तिथे निकेल-कॅडमियमच्या २३ अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या असतात. उड्डाणात त्या एरवी बसपासून (वीज वाटणाऱ्या मुख्य वाहिनीपासून) सुट्याच असतात. व्होल्टेज २६.५ च्या खाली गेलं की चार्ज लिमिटर (चार्जिंगवर लक्ष ठेवणारं यंत्र) कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरी बसला जोडणारा मोठा स्विच, लावतो, आणि करंट ४ अँपिअरच्या खाली उतरल्यावर हवेत आणखी ३० मिनिटांनी सोडतो. करंट भलत्या वेगाने वाढू लागला तर लिमिटर ते थर्मल रनअवे (बॅटरी आपोआप तापतच जाणं) समजतो आणि कॉन्टॅक्टर उघडून फॉल्ट देतो. म्हणजे फॉल्ट दिसेपर्यंत बॅटरी बहुधा तोडलेली असते. कारण कळल्याशिवाय ती परत जोडून पाहू नये.

निकेल-कॅडमियममध्ये रनअवे होतो तो असा: ओव्हरचार्जमध्ये सेपरेटर (प्लेटांमधला पडदा) खराब होतो, ऑक्सिजन कॅडमियमच्या प्लेटपर्यंत पोचतो, सेल तापतो. तापला की त्याचं व्होल्टेज पडतं, आणि चार्जिंग स्थिर व्होल्टेजवर असल्याने करंट आणखी वाढतो.

शिकाऊ एएमई:
म्हणजे निघण्याआधी पॅनेलवर २८ व्होल्ट दिसले की बॅटरी ठणठणीत?

सेलजोडणी:
नाही. तो आकडा लोड नसतानाचा आहे. २५.५ च्या वर असेल तर चार्ज निम्म्याहून जास्त आहे, एवढंच त्यातून कळतं. कमी असेल तर बॅटऱ्या ऑटोवर, बाहेरची वीज चालू, कॉकपिटच्या स्क्रीनवरच्या इलेक्ट्रिकल पानावर कॉन्टॅक्टर लागल्याची खात्री, २० मिनिटं चार्ज, मग बॅटऱ्या ऑफ करून पुन्हा वाचन. खरी क्षमता बॅटरी शॉपमध्ये (कार्यशाळेत) पूर्ण डिस्चार्ज केल्यावरच समजते. तिथे प्रत्येक सेल वेगळा मोजा, कारण वीसपैकी एकच दुबळा असला तर एकूण व्होल्टेजमध्ये तो लपून जातो. डिस्टिल्ड पाणी चार्जच्या शेवटीच टाका. आधी टाकलं तर पातळी चढते आणि पोटॅश (सेलमधलं अल्कली द्रावण) बाहेर येतं. लेड-ॲसिडच्या खोलीतली पिचकारी किंवा हायड्रोमीटर (द्रावणाची घनता मोजायची नळी) इकडे अजिबात आणू नका.

कंपास:
एक उलटी बाजूही लक्षात ठेवा. बॅटरी ठीक असते आणि तिला चार्ज करणारंच कोणी उरत नाही. ७ जानेवारी २००८ ला बँकॉकजवळ क्वांटासच्या बोइंग ७४७-४०० मध्ये गॅलीचं पाणी खालच्या इलेक्ट्रॉनिक कप्प्यात झिरपलं, जनरेटर सांभाळणारी कंट्रोल युनिट्स बिघडली आणि चारपैकी तीन एसी बस गेल्या. कॉकपिटची बरीचशी उपकरणं बॅटरीवर आली. विमान सुखरूप उतरलं, पण ते बँकॉकच्या जवळच होतं. अशा वेळी घड्याळ सुरू झालं असं समजा. बॅटरीची हमी साधारण अर्ध्या तासाची असते, म्हणून आधी जवळचा विमानतळ ठरवा, उरलेली चेकलिस्ट वाटेत वाचा.