प्रतिसाद: कॅनव्ही बेटावरचा खर्च वाया गेला काय?

उत्तर समुद्रात १९६५मध्ये नैसर्गिक वायू सापडल्यामुळे ब्रिटनने द्रवरूप वायूच्या प्रायोगिक आयातीवर केलेला सार्वजनिक खर्च वाया गेला, असे मत वर मांडले गेले आहे. ते मला मान्य नाही.

‘मिथेन पायोनियर’ या जहाजाने १९५९च्या आरंभी लुइझियानातील लेक चार्ल्सहून टेम्सच्या मुखाशी कॅनव्ही बेटावर पहिला साठा आणला, तेव्हा उणे १६२ अंशांवर द्रवरूप केलेला, म्हणजे आकारमानाने सुमारे सहाशेपट आक्रसलेला वायू महासागरापलीकडे सुरक्षितपणे नेता येतो, हे कोणीच करून दाखवलेले नव्हते. जुन्या मालवाहू जहाजात अ‍ॅल्युमिनियमच्या टाक्या आणि बाल्सा लाकडाचे उष्णतारोधक आवरण बसवून, मोजक्याच खेपांमध्ये गॅस कौन्सिल या ब्रिटनच्या सरकारी वायू संस्थेने ही शंका मिटवली. मोठी जहाजे बांधण्याआधी एवढी खबरदारी घेणे मला अत्यंत जबाबदारीचे वाटते. अल्जीरियातील अर्झूहून नियमित आयात सुरू झाली ती त्यानंतर, १९६४मध्ये.

मुख्य मुद्दा मात्र वायुवाहिनीचा आहे. अल्जीरियाचा वायू ब्रिटनमधील प्रादेशिक वायू मंडळांना पुरवण्यासाठी कॅनव्हीपासून लीड्सपर्यंत टाकलेली उच्चदाबाची वाहिनीच पुढे उत्तर समुद्रातील वायूच्या राष्ट्रीय जाळ्याचा कणा ठरली. कोळशाच्या वायूवर चालणाऱ्या घरगुती शेगड्या नैसर्गिक वायूसाठी बदलण्याची चाचणीही १९६६मध्ये याच बेटावर झाली आणि नंतरच्या दहा वर्षांत सुमारे १.३ कोटी ग्राहकांची उपकरणे बदलली गेली. कोणी आक्षेप घ्यायचाच असेल, तर अल्जीरियाच्या वायूसाठी केलेल्या पंधरा वर्षांच्या आयात कराराच्या मुदतीवर घ्यावा, प्रयोगावर नव्हे.