'पेट सिमेटरी' वगळू नका

अमेरिकन भयकथालेखक स्टीफन किंगच्या पाच 'वाचायलाच हव्यात' अशा कादंबऱ्यांची एक यादी वाचली; तिच्यातून 'पेट सिमेटरी' (१९८३) वगळलीय, कारण ती 'नुसती अंगावर येते'. 'शायनिंग' आणि 'मिझरी' घेतल्या ते अगदी बरोबर, पण 'पेट सिमेटरी'बद्दलचं हे म्हणणं मला पटत नाही. ती अंगावर येते, कारण त्यातलं निम्मं किंगच्या स्वतःच्या घरात घडलेलं आहे. १९७८-७९ च्या सुमारास तो अमेरिकेच्या मेन राज्यातल्या ऑरिंग्टनला भाड्याने राहत होता. घरासमोरूनच ट्रकांचा रस्ता. त्या रस्त्यावर मुलीचं मांजर मेलं. जवळच पोरांनी आपल्या कुत्र्या-मांजरांसाठी दफनभूमी केली होती, तिथे ते पुरलं. तिथल्या पाटीवरचं चुकीचं स्पेलिंगही (Cemetery ऐवजी Sematary) पोरांचंच, तेच पुढे पुस्तकाचं नाव झालं. धाकटा मुलगाही एकदा त्याच रस्त्याकडे धावत सुटला होता. लिहून झाल्यावर किंगने हस्तलिखित बाजूला टाकलं, स्वतःलाच सहन होईना म्हणून.

मी ती वाचली तेव्हा माझा मुलगा अडीच वर्षांचा होता. कादंबरीत एके ठिकाणी बाप लेकराच्या हातात पतंगाची दोरी देतो, पोरगं खिदळतंय, आणि त्या आनंदाच्या भरातच किंग सहज सांगून टाकतो की या मुलाचे आता दोन महिनेसुद्धा उरलेले नाहीत. मी पुस्तक मिटलं, आत जाऊन झोपलेल्या पोराच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, मगच पुढचं पान उलटलं. यादीतली एक काढायचीच असेल तर 'सेलम्स लॉट' काढा, तिच्यावरच बेतलेल्या नारायण धारपांच्या 'लुचाई' कादंबरीमुळे ती गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांना आधीच ठाऊक आहे.